मोडीत दिलेला भोंगा

भाव ठरायच्या आधीच कुंडलिकनं ते घर मनातल्या मनात घेऊन टाकलं होतं. घरमालक सोनबा अंगणात उभा राहून हातवारे करून काहीबाही सांगत होता. पेठेतले चार लोक साक्षीला बसले होते. आणि कुंडलिक उघड्या दाराकडे एकटक बघत मान डोलावत होता. सोनबा चांगला अर्धा तास बोलला. त्यातलं एक अक्षर कुंडलिकच्या कानात शिरलं नाही.

त्याला कारणही तसंच होतं. हे दार त्यानं आधी पाहिलं होतं. एकदा नाही, दोनदा नाही, अठ्ठावीस वर्षं पाहिलं होतं.

मुंबईच्या कापडगिरणीत कुंडलिक साचे, म्हणजे माग, चालवायचा. चाळीत अकरा माणसांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून तो झोपायचा आणि पहाटे त्याला नेमानं एक स्वप्न पडायचं. धुकं आहे. भातखाचरांच्या बांधावरून तो चाललाय. खांद्यावर काहीतरी जड आहे आणि गारही आहे. समोर एक घर, दार सताड उघडं, आत चिमणी मिणमिणतेय आणि एक बाई पाठमोरी वाकून काहीतरी करतेय. तिच्या बांगड्या वाजतात. पावलांची चाहूल लागून ती वळायला लागते, आता काहीतरी बोलणार, एवढ्यात गिरणीचा भोंगा व्हायचा. स्वप्न तिथंच तुटायचं आणि कुंडलिक धोतर सावरत नळाच्या रांगेत जाऊन उभा राहायचा.

ती बाई काय बोलणार होती, या एका प्रश्नावर त्याचं अर्धं आयुष्य गेलं. सुट्टीला गावी आल्यावर त्यानं एकदा भोळेपणानं ही गोष्ट बायकोला सांगितली होती.

"कोन हाय ती?" सगुणाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"काय ठावं. पाठमोरी असती."

"एवढी वर्सं येती आन् तोंड बी दावत न्हाई? लईच लाजरी दिसती." असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली होती.

वय झालं, गिरणीतला हिशेब झाला, तेव्हा कुंडलिकनं एकच ठरवलं. जिथं भोंगा ऐकू येणार नाही अशा जागी घर घ्यायचं आणि ते स्वप्न एकदा शेवटापर्यंत बघायचं. गावी, किकवीच्या घरात तीन भावांच्या तीन चुली झाल्या होत्या, तिथं चौथीला जागा नव्हती. मग कोणीतरी त्याला या पेठेबद्दल सांगितलं. भोर संस्थानात, वेल्ह्याच्या वाटेला, हिरड्याच्या कारखान्याभोवती वसलेली ही पेठ. कारखाना बंद पडून दोन वर्षं झालेली, माणसं एकेक करून उठून चाललेली, घरं पडेल भावानं निघालेली. कारखाना बंद म्हटल्यावर लोक तिथनं पळतात. कुंडलिक मात्र तेवढं ऐकूनच पिशवी घेऊन निघाला.

"कारखाना बंद हाय न्हवं?" आल्या आल्या त्यानं सोनबाला एवढाच प्रश्न केला होता.

"बंद? अवो, बायलर बी गाडीत घालून न्हेला. आता तितं वटवागळं ऱ्हात्यात."

पुढचं ऐकायची कुंडलिकला गरजच वाटली नाही. सोनबा लेकीकडे शिवऱ्याला राहायला निघाला, तेव्हा गाडीत बसता बसता त्यानं पुन्हा बजावलं, "मागल्या पडवीतलं तेवढं जपा, कुंडलिकराव. आन् पहाटंचं इसरू नका."

"पहाटंचं कसं इसरंन?" कुंडलिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर ते दार तरळत होतं.

मार्गशीर्षात, सोनबा निघाला त्याच दिवशी, दोघं राहायला आली. किकवीहून सर्व्हिस मोटारीनं भोर आणि भोरहून बैलगाडीनं पेठ. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या घरांची रांग, दर दोन घरांआड एक कुलूप, टोकाला धूर नसलेलं धुराडं आणि त्यावर घारीचं घरटं. वाऱ्याला अजूनही हिरड्याचा तुरट वास होता. कितीही वाजलेले असोत, त्या पेठेत सदा दुपारचे चार वाजल्यासारखे वाटायचे. कुंडलिक ओट्यावर टेकला आणि त्याचे डोळे मिटायला लागले. इतकी शांतता त्याच्या कानांना सवयीचीच नव्हती.

सगुणाबाईला मात्र शांततेशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि घर झाडायला काढलं. मागच्या पडवीत तिला एक लोहाराचा भाता सापडला, लाकडी घोडीवर बसवलेला आणि त्याच्या तोंडाला हातभर लांबीचं, हिरवं पडलेलं पितळी नरसाळं. हे ध्यान इथं कशाला ठेवलंय, असं म्हणत ती ते बघत उभी होती, तोच रस्त्यावरून भोरच्या तांबटाची आरोळी आली. "मोऽड हाय का, मोड! जुनं द्या, नवं घ्या!"

नदीवरून पाणी आणायला सगुणाबाईकडे एक कळशी होती आणि ती बुडाशी गळत होती. तिनं ओट्यावर येऊन नवऱ्याला हलवलं.

"आवो, मागं पितळंचं नरसाळं हाय. मोडीत देऊ का?"

"दे, दे," कुंडलिक झोपेत म्हणाला.

तांबटानं नरसाळं तराजूत टाकलं, वर गळकी कळशी टाकली आणि सोन्यासारखी झळझळीत नवी कळशी तिच्या हातात ठेवली. सगुणाबाई इतकी खूश झाली की तिनं त्याला गुळाचा खडा देऊन पाणी पाजलं.

त्या रात्री कुंडलिक मोठ्या आशेनं झोपला. पहाटे धुकं आलं, बांध आला, घर आलं. बांगड्या वाजल्या. बाई वळायला लागली आणि कुंडलिक खाडकन जागा झाला. भोंगा नव्हता, काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची सवय अंगात मुरलेली, ती ठरल्या ठोक्याला उठवून मोकळी झाली होती. कुंडलिक अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःवरच चिडला. मग त्यानं मनाची समजूत घातली. सवयच ती, चार-आठ दिवसांत जाईल. त्यानं पुन्हा डोळे मिटले. बाहेर कुठं पावलं नव्हती, आवाज नव्हता, धूर नव्हता. काय समाधानी माणसं आहेत इथली, असं वाटून त्याला पेठेचं कौतुक वाटलं.

दिवस कासराभर वर आला तेव्हा शेजारची ठकुबाई मोकळे केस बांधत धावत अंगणात आली. तिनं आधी घरात डोकावून माणसं मोजली.

"दोगं बी हायसा न्हवं? कुनी गेलं-बिलं न्हाई?"

"कोन जाईल?" सगुणाबाईनं विचारलं.

"मग भोंगा का झाला न्हाई?"

कुंडलिक ताडकन उठून बसला. हा शब्द त्याला या गावात ऐकायचा नव्हता. पण तो काही बोलायच्या आत डोंगरावरच्या वाडीतला सावळा नावाचा धनगर घोंगडी सावरत येऊन उभा राहिला. त्याची मेंढरं वाड्यात कोंडलेली ओरडत होती. "बायकू म्हनली, भोंगा न्हाई म्हंजी रातच हाय अजून. म्या म्हनलं, आगं, उजाडलंय. ती म्हनली, आभाळाचं काय घिऊन बसलाय, भोंगा झाला का?"

त्याच्यामागून डाक नेणारा हरकारा आला. तो भोंग्यावर वेल्ह्याला निघायचा आणि आज डाकेची थैली उशाला घेऊन पडला होता. सगळ्यांत शेवटी गेनबा आला. त्याच्या पोराचं लग्न होतं, वऱ्हाड भोंग्याला निघून गुंजवण्याला पोचायचं होतं आणि नवरदेव हळदीच्या अंगानं अजून घोरत होता.

"सकाळचा मुहूर्त ग्येला!" गेनबा कपाळावर हात मारून म्हणाला. "आता गोरजावर लागंल लगीन. व्याह्याला सांगू काय? भोंगा झाला न्हाई म्हनून?"

"पर कसला भोंगा?" कुंडलिक ओरडला. "कारखाना बंद हाय न्हवं?"

तेव्हा गर्दीतून रखमाजी पुढं आला. हा कारखान्याचा जुना मुकादम. कोट आणि पटका घालून रोज भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचं, कुलपाला हात लावून बघायचं आणि परत यायचं, हे काम त्यानं दोन वर्षांत एक दिवस चुकवलं नव्हतं.

"कारखाना बंद हाय," रखमाजी शांतपणे म्हणाला. "भोंगा कुठं बंद हाय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बायलर गेला त्या दिवशी सोनबानं भोंग्याचं पितळी तोंड घरी आणून लपवलं होतं. लोहाराचा जुना भाता त्याला जोडून तो रोज पहाटे भोंगा द्यायचा. आवाज रेडा रेकल्यासारखा यायचा, पण यायचा. पुढं पेठेनं बसून ठरवलं, या घरात जो राहील त्यानं भोंगा द्यायचा. घर विकलं तरी भोंगा घराबरोबर जाणार.

"सोनबानं समदं सांगितलंय तुमाला," रखमाजी म्हणाला. "आमी बसलो हुतो की अंगनात. तुमी मान डोलवत हुता."

"लई डोलवत हुता," ठकुबाईनं साक्ष दिली.

मान डोलावल्याचं कुंडलिकला नाकारता येईना आणि ती का डोलावली हे सांगायची लाज वाटत होती. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याचंच घर त्यानं आयुष्याची पुंजी घालून विकत घेतलं होतं.

"हितं दर म्हैन्याला एक कुलूप वाढतंय," रखमाजी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "पर पहाटं भोंगा झाला की वाटतं, पेठ जिती हाय. मानूस उटतं, चूल पेटवतं. तेवढंच आता ऱ्हायलंय आमच्यापाशी. द्या उद्यापास्नं, म्हंजी झालं."

सगळी मंडळी मागच्या पडवीत गेली. घोडीवर भाता होता. त्याच्या तोंडाशी नुसतं भोक होतं. भात्याच्या चामड्यावर एक पाल बसली होती, ती लोकांना बघून आत गेली.

"तोंड कुठं हाय?" रखमाजीनं विचारलं.

मग सगळ्यांच्या नजरा एकेक करून सगुणाबाईच्या कमरेकडे वळल्या. तिथं नवी कळशी सकाळच्या उन्हात अशी काही झळकत होती, की बघवत नव्हतं. ठकुबाईनं पुढं होऊन, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा कळशीला हात लावून बघितला.

"ह्येंनीच सांगितलं, दे म्हनून," सगुणाबाई पुटपुटली.

कुंडलिक तसाच पायात वहाणा सरकवून भोरकडे सुटला. तांबटआळीत पोचेपर्यंत दुपार झाली होती. तांबट भट्टीसमोर घाम पुसत बसला होता.

"त्ये नरसाळं? त्येचा सकाळीच रस झाला," तो भट्टीकडे बोट दाखवून म्हणाला. "मोड ठिवून घ्याची सवय न्हाई आपल्याला. का, कळशी गळती का काय?"

"न्हाई. कळशी ब्येस हाय."

"मग झालं तर!" तांबट समाधानानं म्हणाला.

परतीच्या वाटेवर कुंडलिक सावकाश चालला होता. ऊन पिवळं झालं होतं, कापलेल्या भाताच्या पेंढ्यांचा वास येत होता आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात उकळ्या फुटत होत्या. भोंगा वितळला होता. आता तो कोणी आणायचा म्हटलं तरी येणार नव्हता. चार दिवस लोक बोलतील, पाचव्या दिवशी विसरतील. मग सवय जाईल आणि मग ती बाई वळेल, बोलेल. यासाठीच तर तो आला होता. त्यात त्याची काय चूक होती?

पेठेत शिरला तेव्हा त्याला पहिला रखमाजी दिसला. आपल्या दाराशी कोट-पटक्यात तो तसाच उभा होता. सकाळी निघायचं राहून गेलं, ते आता संध्याकाळी जावं की न जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पलीकडे ठकुबाईच्या दारात बैलगाडी उभी होती. तिचा नवरा तीत कणगी चढवत होता.

"कुठं निगालात?" कुंडलिकनं विचारलं.

"भावाकडं, नसरापूरला. उद्या निगतो सकाळी." ठकुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. "भोंगा हुता तवर वाटायचं, उद्या-परवा कारखाना चालू बी व्हईल. आता कशाच्या आशेवर ऱ्हायाचं?"

कुंडलिकला जेवण गेलं नाही. सगुणाबाईनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणाली, "तुमच्या मनासारकंच झालं की. भोंगा न्हाई, काय न्हाई. झोपा आता खुशाल, यील तुमची ती."

ती पहाटे आलीच. बांगड्या वाजल्या, मान वळायला लागली आणि ठरल्या ठोक्याला कुंडलिकचे डोळे उघडले. तो अंधारात क्षणभर पडून राहिला. या घटकेला अख्ख्या पेठेत जागा असलेला माणूस तो एकटाच होता. घड्याळ नाही, भोंगा नाही आणि तरी वेळ त्याला एकट्यालाच ठाऊक होती. मग एकदम त्याला एक गोष्ट सुचली. तो उठला, चुलीपाशी पालथी घातलेली कळशी त्यानं आवाज न करता उचलली आणि नदीच्या वाटेला लागला. फजिती झाली तर कोणी बघायला नको, म्हणून तो पार पाण्यापर्यंत गेला.

कळशीच्या तोंडाला तोंड लावून त्यानं पहिला आवाज काढला. तो इतका केविलवाणा निघाला की पाण्यातला बेडूक उत्तरादाखल डरावला. कुंडलिकनं घसा खाकरला. त्यानं डोळे मिटले आणि गिरणीचा भोंगा आठवला. तो पोटातून कसा खर्जात सुरू व्हायचा, मग कसा चढत जायचा, वर कसा ठाण मांडून उभा राहायचा आणि शेवटी कसा मोडून खाली यायचा. अठ्ठावीस वर्षं शिव्या घालत ऐकलेला तो आवाज त्याच्या घशाला त्याच्याहून जास्त पाठ होता.

"भोंऽऽऽऽऽ"

पितळ आतून थरथरलं. आवाज पाण्यावरून पलीकडच्या डोंगराला जाऊन लागला आणि डोंगरानं तो जसाच्या तसा परत दिला. कुंडलिक दचकला. मुंबई सोडून आल्यावर हा आवाज आपल्याला इतका जवळचा वाटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं पुन्हा छाती भरून घेतली आणि पुन्हा दिला.

वर वाडीत कुत्री भुंकली. मेंढरांच्या घंटा खळखळल्या. पेठेत एक दार वाजलं, मग दुसरं. कुणाच्या तरी चुलीचा धूर धुक्यात मिसळला. फाटकाच्या दिशेनं काठीचे ठोके ऐकू आले आणि पाठोपाठ रखमाजीचा आनंदानं फाटलेला आवाज, "अरं, ह्यो अस्सल भोंगा! सोनबाचा रेडा न्हवं!" आणि मग, स्पष्ट, ठकुबाईचा आवाज, "आवो, कनगी उतरवा गाडीतली. राहूंद्या, राहूंद्या."

कुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं उपरण्यानं पुसलं आणि मग घाबरून त्याला आठवलं की सगुणाबाईला चुलीपाशी पाणी लागणार आणि कळशी तर आपल्याकडे आहे. त्यानं ती धुतली, भरली, खांद्यावर घेतली आणि बांधावरून चालू लागला.

दहा पावलं गेल्यावर तो थांबला.

धुकं होतं. दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. खांद्यावर काहीतरी जड होतं आणि गारही होतं. समोर घर होतं, दार सताड उघडं, आत चिमणी मिणमिणत होती आणि एक बाई पाठमोरी वाकून काहीतरी करत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या.

आता भोंगा होणार, आता होणार, असं वाटून कुंडलिक जागच्या जागी श्वास धरून उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आजचा भोंगा होऊन गेलाय, आपणच दिलाय आणि आता उद्या पहाटेपर्यंत दुसरा नाही. तो एकेक पाऊल टाकत अंगणात आला. चाहूल लागली. बाई वळली. चिमणीच्या उजेडात सगुणाबाईचा घामेजलेला चेहरा दिसला. तिनं तोंड उघडलं. अठ्ठावीस वर्षं अडलेलं वाक्य कुंडलिक कानांत प्राण आणून ऐकू लागला.

"चिखलाचं पाय घिऊन आत यायचं न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "आत्ताच सारवलंय."

"येवढंच?" कुंडलिकनं विचारलं.

"मग आनि काय सांगू? जावा, पाय धुवा."

कुंडलिक उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याला हसू येत होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं कळशी वाकडी केली, सावकाश, मन लावून, घोटे चोळून चोळून पाय धुतले आणि धुऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कळशी रिकामी झालीय.

तो पुन्हा नदीकडे वळला.